तलवारीला मानवंदना, चाकूची चौकशी

प्रतिनिधी
मुकुटबन (जि. यवतमाळ)

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनहून मुंबईत आली, तेव्हा तिचे स्वागत परदेशी राहून घरी परतलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखे झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सोथबीजच्या लिलावात ही तलवार निघाली होती. राज्य सरकारने हालचाल करून ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळविली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आणली गेली. त्या वेळीही लोकांनी रांगा लावल्या. महाराष्ट्राला आपल्या पोलादाचे प्रेम आहे, याविषयी कोणाच्या मनात शंका असू नये.

मात्र हेच प्रेम चार इंच पात्याच्या आणि खिशात मावणाऱ्या चाकूपर्यंत पोहोचत नाही. गावच्या लोहाराने जुन्या पोलादातून घडविलेला घडीचा चाकू, पाठीला कमान असलेला, लाकडी वा शिंगाच्या मुठीचा, हौसेने जमविणारी मंडळी देशात आहेत. नाणी, तिकिटे, अडकित्ते, दिवे जमविणाऱ्यांसारखीच ही मंडळी. फरक इतकाच, की नाणी जमविणाऱ्याला कोणी ‘कशासाठी बाळगता’ असे विचारत नाही. चाकू जमविणाऱ्याला पहिला प्रश्न तोच येतो. तलवारीला मानवंदना आणि चाकूची चौकशी, असा हा उलटा न्याय आहे. त्यात केवळ काही छांदिष्टांची गैरसोय होत असती तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण या गैरसोयीच्या मागे गावोगावच्या भट्ट्यांचा प्रश्न उभा आहे आणि तो अधिक गंभीर आहे.

कोळसा आहे, चुनखडी आहे, भट्टी मात्र निवते आहे

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. वर्षाला सुमारे ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना येथे २०२२ मध्ये सुरू झाला. रूळ एकीकडे वणी-माजरीकडे आणि दुसरीकडे आदिलाबादकडे जातात. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. अवजड उद्योगाला जे लागते ते सारे येथे आहे. पण ज्या कारागिराला मूठभर कोळसा, एक ऐरण आणि हाताखाली भाता ओढणारा एक माणूस एवढेच लागते, त्या लोहाराचे काम मात्र या भागातही, विदर्भात सर्वत्र घटले तसे घटले आहे.

त्याची कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. वखराची पास, तिफणीचे फण, बैलगाडीच्या चाकाची धाव, कुऱ्हाड आणि विळा ही लोहाराची मुख्य कामे. खरिपाच्या तोंडावर आणि सुगीच्या आधी त्याच्या दारी गर्दी होई. बलुत्याच्या व्यवस्थेत वर्षाचे धान्य ठरलेले असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचा तपशीलवार पट मांडला आहे. पुढे बलुते सुटले आणि रोखीचा व्यवहार आला. ट्रॅक्टरने बैल मागे टाकला. यंत्रावर छापून निघालेले विळे आणि स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या आठवडी बाजारात ढिगाने मिळू लागल्या. लोहाराकडे पाजवायला येणारे विळे तेवढे उरले आणि तेही दरवर्षी कमी होत गेले.

चाकू हे या धंद्यात कधीच मुख्य काम नव्हते. तो उरल्यासुरल्या पोलादाचा आणि उरल्यासुरल्या वेळेचा माल. मालमोटारीच्या जुन्या कमान पाट्याचा तुकडा, झिजलेली कानस, निकामी बेअरिंग यांतून तो घडे. गुराख्याला, धनगराला, बागवानाला, बांबूच्या कमट्या काढून टोपल्या विणणाऱ्या कोलामाला, सुपारी आणि तंबाखूच्या शौकिनाला लहान पाते हवेच असे. झिजले की नवे घ्यायचे, हा शिरस्ता. कोणी ते जपून ठेवले नाही, कारण जपण्यासारखे त्यात काही आहे असे कोणाला वाटले नाही. आज नेमकी तीच गोष्ट दुर्मीळ होत चालली आहे.

संग्राहक पाहतो तरी काय?

हातघडणीचा चाकू आणि कारखान्यातील चाकू यांत फरक काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर पात्याच्या पोटात आहे. गाडीच्या कमान पाट्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा ते पाऊण टक्का असते. चांगल्या कानशीत ते एक टक्क्याच्या वर जाते. हे पोलाद भट्टीत तापवून, ठोकून, हवा तो आकार आला की पुन्हा लाल करायचे आणि तेलात किंवा पाण्यात बुडवायचे. यालाच लोहार ‘पाणी देणे’ म्हणतो. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापलेले पाते क्षणात थंड झाले की ते काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच ठिसूळही. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, २०० ते २५० अंशांपर्यंत, पृष्ठभागावर गवती पिवळा रंग उमटेपर्यंत तापवायचे. रंग एका छटेने पुढे गेला की धार मऊ पडते आणि एका छटेने मागे राहिला की पाते तुटते. लोहाराकडे तापमापक नसतो. असतो तो डोळा. म्हणूनच हे काम अनेक जण भर दुपारी न करता सांजसावलीत करतात, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात फसवतो.

मग येते ती घडीची करामत. साध्या चाकूत पाते एका खिळ्यावर फिरते आणि केवळ घर्षणाने जागच्या जागी राहते. त्याहून सरस चाकूत मुठीच्या पाठीला पोलादी पट्टीची कमान असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. तिसऱ्या प्रकारात खटका असतो आणि तो सोडविल्याशिवाय पाते मिटत नाही. जाणकार संग्राहक चाकू हाती घेतो तो आधी धार पाहत नाही. पाते उघडताना कमान कशी बोलते, मिटल्यावर टोक मुठीत पुरते बुडते का, खिळ्यापाशी पाते डुगडुगते का, हे तो पाहतो. त्या दोन इंचांत लोहार, सुतार आणि कुलूप घडविणारा या तिघांचे कसब एकत्र आलेले असते.

दोन नद्यांमधली पोलादाची परंपरा

हे कसब येथे कालपरवा आलेले नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. त्यात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७०० वर्षे मानला जातो. विदर्भातील माहूरझरी, टाकळघाट-खापा यांसारख्या महापाषाणयुगीन स्थळांवर कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर यांच्या जोडीने साध्या सुऱ्या आणि घोड्यांचे लगामही मिळाले आहेत. म्हणजे या भूमीत लोखंडाची सुरी माणसाच्या हाती येऊन अडीच हजारांहून अधिक वर्षे झाली.

पैनगंगेपलीकडची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. निर्मलच्या दक्षिणेला, आताच्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. ‘वूट्झ’ या नावाने जगभर गाजलेले मुशीतले पोलाद येथे तयार होई. हेन्री व्हॉयसे या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने ते स्वतः पाहिले आणि त्याचे टिपण त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. इराणातील इस्फहानचा व्यापारी हे पोलाद निवडून घेण्यासाठी येथवर येत असे, अशी नोंद त्यात आहे. दमास्कसच्या ज्या तलवारींची जगाने वाहवा केली, त्यांचा कच्चा माल या दख्खनी मुशींतून जाई. पुढे कारखान्यांच्या स्वस्त पोलादापुढे ही विद्या बंद पडली. आज जगातील प्रयोगशाळा त्या पात्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिचा उलगडा करीत आहेत. जिवंत विद्या एकदा तुटली की ती परत जोडायला किती खटाटोप करावा लागतो, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

नऊ इंच, दोन इंच आणि बाकीचे सारे

आता कायद्याकडे वळू. १९५९ चा शस्त्र अधिनियम हा सरसकट सर्व पात्यांवर बंदी घालतो, असा गैरसमज सर्वत्र आहे. तो तसा नाही. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येत येतच नाहीत, असे याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे. त्याखालील नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, संगीन, भाला यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. मात्र घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी बनविलेले वगळून. अशा वर्गातील शस्त्रे बनवायची वा विकायची तर परवाना लागतो. ती नुसती बाळगण्यावर निर्बंध घालायचे तर चौथ्या कलमाखाली त्या त्या क्षेत्रापुरती अधिसूचना काढण्याची तरतूद आहे. १९६२ चे नियम जाऊन २०१६ चे नवे नियम आले, तरी नऊ आणि दोन इंचांची ही पट्टी कायम राहिली.

खिशातला घडीचा चाकू या पट्टीत क्वचितच बसतो. चार-साडेचार इंचांच्या पुढे पाते गेले तर ते खिशात मावणार कसे? तरीही संग्राहकाच्या जिवाला घोर असतो, आणि तो निराधार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त व जिल्हादंडाधिकारी ठराविक मुदतीसाठी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणूक, आंदोलन अशा निमित्ताने हे आदेश वारंवार निघतात. त्यात चाकू, लाठी यांसह इजा पोहोचविता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगून फिरण्यास मनाई असते आणि तेथे इंचांचा हिशेब नसतो. म्हणजे जो चाकू कपाटात निर्दोष आहे, तोच पिशवीतून दुसऱ्या संग्राहकाकडे नेताना, मनाई आदेश लागू असलेल्या दिवशी, गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकतो.

प्रदेशाप्रदेशांतील तफावत हा आणखी एक घोळ. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच, किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचे खटक्याचे चाकू कक्षेत आणले. त्याच अधिसूचनेवर आधारलेला बटणाच्या चाकूचा एक खटला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. चाकू उत्पादनासाठी वा विक्रीसाठी बाळगला होता, असा आरोपच नसल्याचे न्यायालयाने लक्षात आणून दिले. निकाल आरोपीच्या बाजूने लागला, पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यानंतर. गावच्या लोहाराला किंवा हौशी संग्राहकाला तेवढी मजल मारणे परवडणारे आहे काय?

भीती खोटी नाही

येथे नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिसांचा संशय हवेतून आलेला नाही. औरंगाबादेत मे २०१८ मधील दंगलीनंतर त्याच महिन्याच्या अखेरीस ऑनलाइन मागविलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये पंजाबातून कुरियरने आलेल्या नव्वदच्या आसपास तलवारी हाती लागल्या. पुण्यात २०२२-२३ मध्ये कोयते नाचवीत दहशत माजविणाऱ्या टोळक्यांमुळे, कोयता घेणाऱ्याच्या ओळखपत्राची नोंद ठेवा, असे दुकानदारांना सांगण्याची वेळ आली. नारळ सोलण्याचे आणि ऊस तोडण्याचे अवजार असे बदनाम झाले. ज्या घरातला मुलगा अशा हल्ल्यात गेला, त्या घराला ‘हस्तकला’ हा शब्द ऐकवणे सोपे नाही.

परंतु या घटनांत एक समान धागा आहे. औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रकरणांतील माल घाऊक होता, दूरवरून आलेला होता आणि तो कोणी घडविला याचा पत्ता नव्हता. गावच्या ऐरणीवर, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी, एकेक करून घडलेला चाकू हा त्याच्या नेमका उलट टोकाचा माल आहे. तो कोणी घडविला, कोणी नेला, हे गावाला ठाऊक असते. पण गुन्ह्याच्या बातमीचा परिणाम दोघांवर सारखा होतो. घाऊक विक्रेता नाव बदलून पुन्हा दुकान मांडतो. लोहार मात्र अनोळखी तरुणाने चाकू मागितला की ‘विळा देतो, चाकू नाही’ म्हणू लागतो. त्यात त्याचा दोष नाही. शहाणपणच आहे. नुकसान होते ते विद्येचे.

रामपूर, मिकी आणि लागियोल

असा पेच इतरत्रही आला आहे आणि तेथून शिकण्यासारखे आहे. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू हिंदी चित्रपटांतील खलनायकाच्या हाती गेला आणि त्या शहराचे नाव एका हत्याराला चिकटले. १९९० च्या दशकात तेथे साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर निर्बंध आले. कारागिरांनी हळूहळू अन्य कामे धरली. मार्च २०२३ मध्ये त्याच शहरात चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारून ‘चाकू चौक’ करण्यात आला. स्मारक झाले, छायाचित्रे निघाली. पण स्मारक उभारण्याची वेळ बहुधा वस्तू हातातून निसटू लागली की येते, हे विसरता येत नाही.

जपानमधील मिकी हे लोहारकामाचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ‘हिगोनोकामी’ नावाचा साधा घडीचा चाकू तयार होऊ लागला. पत्र्याची मूठ, बोटाने उघडायची कळ, कमान नाही की खटका नाही. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत हत्या झाली. हत्यार होते आखूड तलवारीचे. पण त्यानंतर देशभर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम निघाली आणि गदा आली ती पेन्सिल तासणाऱ्या चाकूवर. मिकीतील भट्ट्या एकामागून एक बंद झाल्या. आज तो चाकू त्या नावाने घडविणारे एकच घराणे उरले आहे आणि ते तगले आहे ते जगभरातील संग्राहकांच्या मागणीवर. ज्यांना आपण छांदिष्ट म्हणून सोडून देतो, त्यांनीच एक विद्या वाचविली.

फ्रान्समधील लागियोल गावाची कथा तिसऱ्या प्रकारची आहे. एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध असलेला तेथील घडीचा चाकू कालांतराने दुसऱ्या शहरात बनू लागला. १९८७ मध्ये गावाने पुन्हा आपली भट्टी पेटविली. पण नावाला वेळीच संरक्षण न मिळाल्याने त्याच नावाचा स्वस्त परदेशी माल बाजारात भरला. ‘लागियोल’ हे नाव भलत्याच व्यापाऱ्याने नोंदवून ठेवले होते. त्याच्या निषेधार्थ २०१२ मध्ये गावकऱ्यांनी वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरविली. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा आपल्याकडे १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून तो अमलात आहे. कोल्हापुरी चपलेला तो मान मिळाला. कच्छमधील अंजार-रेहासारख्या चाकूंसाठी प्रसिद्ध गावांप्रमाणे विदर्भातील पोलादकामाची ओळख मात्र कोणी बांधलीच नाही. मग नोंदविणार काय?

पाटीवर कोणाचे नाव?

महाराष्ट्रात घरगुती पात्यांच्या संग्रहाचा विषय निघाला की पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे नाव घ्यावेच लागते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या घरातील ती सारी दौलत राज्य सरकारच्या स्वाधीन केली. त्यातील अडकित्ते पाहण्यासाठी लोक आवर्जून जातात. पोपटाचे, मोराचे, घोडेस्वाराचे, जोडप्याचे. अडकित्ता म्हणजे तरी काय? दोन पात्यांचे, एका खिळ्यावर फिरणारे पोलाद. घडीच्या चाकूचे ते सख्खे भावंड. केळकरांनी तो पानदानातून उचलून संग्रहालयात ठेवला, तेव्हा त्यांनाही लोक छांदिष्टच म्हणत असतील.

तरीही त्या अडकित्त्यांपुढे उभे राहिले की एक उणीव जाणवते. त्यांतील बहुतेकांचा कर्ता कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. रघुजींच्या तलवारीचेही तेच. पात्यावर सोन्याने धन्याचे नाव आणि त्याचा किताब कोरलेला आहे; पाते युरोपीय घडणीचे असल्याचे जाणकारांनी सांगितले आहे; पण घडविणाऱ्याचे आणि मूठ बसविणाऱ्याचे नाव काळाच्या पोटात गेले. आपल्या संग्रहांतून मालकाचे नाव टिकले, कारागिराचे नाही. राजांच्या तलवारींबाबत आता काही करता येत नाही. पण आजच्या चाकूबाबत करता येते, कारण त्याचा कर्ता अजून हयात आहे.

संग्राहकांची खरी जबाबदारी येथे सुरू होते. चाकू विकत घेणे म्हणजे संग्रह नव्हे. कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणाच्या हातून, कोणत्या पोलादाचा आणि कोणत्या कामासाठी, ही नोंद नसेल तर उरते ते नुसते लोखंड. विकत घेतानाच कारागिराची खूण पात्यावर उमटवून घेतली तर ती त्याची सही होईल. आणि तीच खूण उद्या पोलिसांच्या संशयालाही उत्तर देईल, कारण गुन्हेगाराला निनावी पाते हवे असते. जुना चाकू घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोहही आवरायला हवा. काळवंडलेला थर हाच त्याचा जन्मदाखला असतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे भान ठेवावे लागते आणि ती देशाबाहेर पाठविता येत नाही. मूठ सांबरशिंगाची वा हस्तिदंताची असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. टिपेश्वरसारखे अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे, तेथे तर ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे. आणि समाजमाध्यमांवर चाकू हाती धरून छायाचित्र टाकण्याचा उद्योग बंद झाला, तर या छंदाची निम्मी बदनामी आपोआप टळेल.

सरकारला काय करता येईल?

यासाठी नवा कायदा नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहेच; शिवाय ‘अस्त्रकार’ हाही स्वतंत्र व्यवसाय धरला आहे. अवजारसंचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, पाच टक्के व्याजाने आधी एक आणि मग दोन लाखांचे कर्ज, अशी ही योजना. तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याच विदर्भात, वर्धा येथे झाला. एक खाते अस्त्रकाराला हातोडा देते आणि दुसरे खाते त्याच्या हातातल्या पात्याकडे संशयाने पाहते. या दोन खात्यांनी एकदा एका टेबलाशी बसावे, एवढीच अपेक्षा आहे.

जिल्हा प्रशासनाने साध्या मराठीत एक पत्रक काढावे: कोणते पाते अवजार, कोणते शस्त्र, मनाई आदेशाच्या काळात संग्रहातील वस्तू कशी न्यावी. प्रदर्शनासाठी पूर्वसूचना देण्याची सोपी पद्धत ठरवावी. योजनेखाली नोंद झालेल्या लोहाराला स्वतःची खूण घेण्यास मदत करावी. आणि नागपूरच्या १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाने, ज्याला वैदर्भीय माणूस आजही ‘अजब बंगला’ म्हणतो, एक कपाट विदर्भातील लोहारांच्या आजच्या कामासाठी राखून ठेवावे. त्या कपाटाला ४७ लाख लागणार नाहीत. भाता, ऐरण, सांडशी, विळा, अडकित्ता आणि घडीचा चाकू. आणि प्रत्येकापुढे कारागिराचे नाव व गाव. नायकुंडच्या भट्टीपासून आजच्या भट्टीपर्यंतचा धागा तेथे एका नजरेत दिसेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, महाराष्ट्रात शस्त्रे आणि अवजारे एकाच पाटावर मांडून पूजिली जातात. तलवार असेल त्याची तलवार, विळा असेल त्याचा विळा, आणि लोहाराची ऐरण. पूर्वजांनी त्या पाटावर भेद केला नाही. भेद पात्यात नसून ते धरणाऱ्या हातात आहे, हे त्यांना कळत होते. कायद्याला तेवढ्यावर विसंबता येत नाही, हे मान्य. पण लंडनहून तलवार परत आणणाऱ्या राज्याला, आपल्याच गावातला शेवटचा चाकू घडविणारा हात थांबण्याआधी त्याचे नाव लिहून घेता येऊ नये, हे पटणारे नाही. गेलेली तलवार लिलावात सापडते. गेलेला हात कोणत्याच लिलावात सापडत नाही.